बनी ते बीटी : वऱ्हाडी कपाशीची पावणेदोनशे वर्षे

हंगामात विदर्भातल्या कोणत्याही जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या की ग्रेडर एकेका गाडीत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढतो. सरकीवरची रुई चिमटीत धरून दोन्ही हातांनी हलकेच ओढतो, तंतू एका रेषेत आणतो, पुन्हा ओढतो आणि अंगठ्याच्या नखाशी उरलेला झुबका पाहून लांबीचा अंदाज सांगतो. मग ओलावा, कचरा, कवडी म्हणजे किडका कापूस. एवढ्या अर्ध्या मिनिटात शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे मोल ठरते. केंद्र सरकारचा हमीभावही मध्यम धागा आणि लांब धागा असा वेगवेगळा जाहीर होतो. धागा लांब तर भाव जास्त, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की ते कोणाला खटकतही नाही. पण ही मोजपट्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीत तयार झालेली नाही. ती इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी इथे आणली, आणि तिला दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

आज कपडे तयार करणाऱ्या कंपन्या पर्यावरणाला कमी त्रास देणारे कापड शोधतात. कमी पाणी, कमी रसायने, सेंद्रिय प्रमाणपत्र, मातीत मिसळून जाणारा धागा अशी त्यांची यादी असते. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे, म्हणून सुती कापड घेतले की अर्धे काम झाले असा समज होतो. परंतु सूत म्हणजे कोणत्या कपाशीचे सूत? ती कोरडवाहू जमिनीत तग धरते की फवाऱ्यांवर जगते? हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वऱ्हाडात मात्र गेली पावणेदोनशे वर्षे याच प्रश्नाची उत्तरे बदलत आली आहेत, आणि दर वेळी ते उत्तर शेतापासून फार दूर बसलेल्या कोणीतरी दिले आहे.

लागवडीखालील कपाशीच्या जगात चार जाती आहेत. त्यांपैकी गॉसिपियम आर्बोरियम आणि गॉसिपियम हर्बेसियम या जुन्या जगाच्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेच्या. आपण त्यांना देशी कपाशी म्हणतो. हिर्सुटम आणि बार्बाडेन्स या अमेरिका खंडातल्या. देशी आणि अमेरिकन यांच्यातला फरक बांधावरूनही ओळखू येतो. देशी आर्बोरियमचे पान हाताची बोटे पसरावीत तसे खोल कापलेले, फूल बहुधा पिवळे आणि तळाशी लालसर डाग असलेले, बोंड लहान आणि खाली तोंड करून लोंबणारे. मुळे खोल जातात. पाऊस महिनाभर दडी मारून बसला तरी झाड मान टाकत नाही. पाऊस आला की पुन्हा पाते धरते. तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना ते सहजी बळी पडत नाही, आणि उत्तरेकडे अमेरिकन कपाशीला छळणारा पानांचा मुरडा रोग त्याला होतच नाही.

या झाडाचा धागा आखूड आणि जाडसर, पण म्हणून त्यापासून जाडेभरडेच कापड होते असे नाही. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल ज्या फुटी कापसापासून होत असे, तोही आर्बोरियमचाच एक प्रकार होता. हाताने पिंजून, दमट हवेत, नाजूक चातीवर कातणाऱ्या बायकांच्या बोटांनी त्या तंतूतून असे सूत काढले की त्या काळातल्या यंत्रांना त्याची बरोबरी करता आली नाही. महाराष्ट्रातही कापडाचा व्यापार फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, येथून साधे कापड आणि मलमल भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून शेकडो मैलांवरच्या मिर्झापूरच्या बाजारात जात होता. तोपर्यंत कापूस आणि कातणारा हात एकमेकांना धरून होते. जसा कापूस, तसे सूत आणि तशी वीण.

यंत्राने हे नाते उलटे केले. लँकेशायरच्या चात्या अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांतून येणाऱ्या अपलँड कापसाच्या लांबीवर बसवलेल्या होत्या. त्यांच्या वेगात आखूड तंतू तुटत, धागा पुन्हा पुन्हा जोडावा लागे, खराबा वाढे. यंत्र बदलण्यापेक्षा हिंदुस्थानातली कपाशी बदलणे त्यांना सोपे वाटले. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून दहा अनुभवी मळेवाले बोलावले. त्यांनी सोबत अमेरिकन बी आणले, नांगर आणले, सॉ-जिन आणली, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रयोगशेते उभी राहिली. बहुतेक ठिकाणी झाड पावसाने सडले किंवा कोरडीने करपले. तग धरली ती मुख्यतः धारवाडकडे. तिथला धारवाड-अमेरिकन कापूस पुढे टिकला. त्या दहांपैकी मर्सर नावाच्या मळेवाल्याने काही वर्षांच्या अनुभवानंतर सरकारला जे कळवले ते आजही वाचण्यासारखे आहे. अमेरिकन पद्धत या हवामानाला मानवत नाही आणि इथला शेतकरी आपली जमीन व आपले हवामान ओळखून कोणत्याही युरोपियनापेक्षा कमी खर्चात पीक काढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. शिकवायला आलेल्या माणसाने इतक्या मोकळेपणाने हे मान्य करावे, ही त्या कागदपत्रांतली फार मोलाची गोष्ट आहे. कंपनीने आणि तिच्यानंतरच्या सरकारांनी मात्र त्यातून फारसा बोध घेतला नाही.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने ते राज्य खालसा केले. त्यामागे कापूस हा एकच हेतू होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण या प्रदेशातल्या कापसावर मँचेस्टरचा डोळा होता हे त्या वेळच्या सरकारी टिपणांतूनही स्पष्ट दिसते.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. जो हिंदुस्थानी कापूस तिथल्या कामगारांना नकोसा होता, ज्याचा धागा दर घटकेला तुटे म्हणून ते वैतागत, त्याच कापसासाठी मुंबईच्या धक्क्यावर झुंबड उडाली. चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त मिळाले असा अंदाज वारंवार दिला जातो. या पैशावर प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांची साम्राज्ये उभी राहिली, समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरचे भाव आकाशाला भिडले आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये सगळा डोलारा कोसळला. मुंबईची ही कहाणी अनेकांनी सांगितली आहे. वऱ्हाडात त्याच काळात जे घडले ते अधिक खोलवरचे होते, कारण ते जमिनीत घडले.

रेल्वेचा रूळ कापसाच्या दिशेनेच पुढे सरकत गेला. १८६७ मध्ये तो नागपूरला पोचला. खामगावचा कापूसबाजार इतका मोठा होता की जलंब ते खामगाव असा छोटा फाटा खास त्याच्यासाठी टाकण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. वऱ्हाडचा माल मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या सगळ्यात एक कापूस वेगळा होता. वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट ज्याच्यासाठी प्रसिद्ध होते, तो बनी. तोही देशी, तोही आर्बोरियम, पण धागा त्यामानाने लांब, मऊ आणि तलम. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी १८६६ मध्ये कापूस आयुक्त म्हणून नेमला गेलेला हॅरी रिव्हेट-कर्नाक बनीच्या गुणांनी भारावून गेला होता. बनीचे निवडक बी वऱ्हाडभर पोचवावे, बाजारात माल शुद्ध राहावा, मोकळ्या जागेत धूळ आणि पाणी मिसळण्याचे प्रकार थांबावेत म्हणून त्याच्या खात्याने खटपट केली. मुंबई इलाख्यात कापसातल्या भेसळीविरुद्ध १८६३ मध्ये कायदाही झाला होता. म्हणजे एका क्षणी चित्र असे होते की इंग्रजांना हवा तसा लांब धागा देणारी, इथल्याच मातीत मुरलेली कपाशी हाताशी होती. परदेशी बियाण्याची गरजच नव्हती.

तरीही पुढच्या चाळीस वर्षांत बनी मागे पडत गेली. याचे कारण समजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण आजही सेंद्रिय किंवा देशी कापसाचे प्रकल्प नेमके याच ठिकाणी अडखळतात.

बनीच्या कापसात रुईचा वाटा कमी. वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी रुई निघे, बाकी सरकी. तिच्याशेजारी जरी नावाची दुसरी देशी कपाशी होती. तिचा धागा आखूड आणि खरखरीत, पण बोंडे भरपूर, लवकर तयार होणारी, हलक्या जमिनीतही हमखास येणारी. पुढे याच वर्गातला पांढऱ्या फुलांचा रोझियम हा प्रकार खुद्द शेतकी खात्यानेच पसरवला. त्यात रुईचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जाई. बनीला जास्त भाव मिळाला असता तर हिशेब जुळला असता. तो मिळत नव्हता. व्यापारी बनी आणि जरी एकत्र करून विकत, आणि मिश्र मालाच्या भावात बनी पिकवणाऱ्याचे नुकसान होई. शिवाय गिऱ्हाईकही बदलले होते. मुंबईच्या गिरण्या चीनसाठी जाडे सूत कातत होत्या आणि शतकाच्या अखेरीस जपान आखूड धाग्याचा मोठा खरेदीदार झाला. तिथले गिरणीवाले निरनिराळे कापूस मिसळून सूत काढण्यात वाकबगार होते. अशा बाजारात तलम बनीसाठी झिजण्यात शेतकऱ्याला काय मिळणार होते?

दुसरे कारण बियाण्याचे. पूर्वी कापूस घरीच हातरेच्यावर किंवा चरकीवर वठवला जाई. घरची बाई चांगल्या बोंडांची सरकी वेगळी काढून पेरणीसाठी राखत असे. गावोगाव वाफेवरच्या जिनिंग निघाल्यावर शेतकरी सगळा कापूस सरकीसकट विकू लागला आणि पेरणीच्या वेळी जिनमधलीच सरकी विकत आणू लागला. त्या ढिगात दहा गावांचा कापूस एक झालेला असे. बी निवडण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम एका यंत्राने, कोणाचाही तसा हेतू नसताना, संपवून टाकले. एखाद्या जातीचा ऱ्हास बहुधा असाच होतो. तिला कोणी उपटून फेकत नाही. तिचे बी वेगळे ठेवणारे हात कामावेगळे होतात.

नगदी पिकाने पैसा आणला, पण जमीनही खाल्ली. ज्वारीखालचे शेत कपाशीखाली जाऊ लागले, सावकारी कर्ज वाढले आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडला याची भयंकर किंमत मोजावी लागली. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावरच्या आपल्या १९९७ च्या पुस्तकात या दोहोंतला संबंध तपशिलाने उलगडला आहे. रेल्वे होती, व्यापार होता, आणि तरी माणसे उपाशी मेली. ‘सोन्याचा प्रदेश’ म्हणून वऱ्हाडचे कौतुक करताना ही बाजू विसरता कामा नये.

दरम्यान, सूत कातण्याचे काम गावातून गिरणीत गेले. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती मुळी कापसाच्या शेताजवळ गिरणी हवी या विचाराने. हिंगणघाटमध्येही १८८० च्या दशकात गिरणी उभी राहिली. नागपूर-उमरेडच्या कोष्ट्यांचे माग चालूच राहिले, पण मागावरचे सूत आता गिरणीचे होते. गावच्या कपाशीपासून गावचे कापड होण्याची साखळी मध्येच तुटली.

ती पुन्हा जोडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न हिंगणघाटपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यात झाला. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला होता. १९२९ मध्ये संघाने चांगल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक होत्या. किंमत १५० रुपयांच्या आत, भारतात बनलेला, खेड्यातल्या बाईला झोपडीत चालवता येईल असा, आणि आठ तासांत १६ हजार फूट सूत देणारा. काळे नावाच्या गृहस्थांनी किर्लोस्करवाडीत बनवलेला चरखा स्पर्धेत उतरला, पण अटींत बसला नाही. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीत काम उभे केले आणि १९३८ च्या डिसेंबरात मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनी कातण्याच्या आधीच्या कामाकडे जितके लक्ष दिले तितके त्यापूर्वी कोणी दिले नसेल. त्यांची ‘सलाई-पटरी’ म्हणजे एक गुळगुळीत लाकडी फळी आणि एक लोखंडी सळई. फळीवर एकेक बोंडाचा कापूस ठेवून त्यावरून सळई तळव्याने पुढे लोटली की सरकी टुणकन समोर निसटते आणि रुई फळीवर राहते. तंतू तुटत नाही, सरकी फुटत नाही, आणि ती पेरता येते. पुढची पायरी तुनाई. सुट्या झालेल्या रुईचा छोटा झुबका दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ताणायचा, एकावर एक ठेवायचा, पुन्हा ताणायचा, म्हणजे सगळे तंतू शेजारी शेजारी सरळ होतात. त्याचा पेळू केला की चातीवर सूत न तुटता निघते. आखूड देशी कापूसही या रीतीने नीट कातला जातो, कारण इथे वेग हाताचा असतो आणि धागा तुटायला आला की तो बोटांना आधी कळतो. विनोबांनी टकळीवर तासन्‌तास कातून किती सूत निघते आणि त्यावर माणूस जगू शकतो का, याची स्वतः पारख केली. परसात देवकापसाचे झाड लावून घरापुरते सूत काढा, असे खादीचे कार्यकर्ते लोकांना सांगत. कापूस कसा हवा हे गिरणी ठरवणार नाही, कातणारे घर ठरवेल, असा तो सगळा विचार होता.

त्याच सुमारास संशोधकही कामाला लागले होते. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि तिची तंत्रप्रयोगशाळा १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला सुरू झाली. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या शेतकी खात्याने व्हेरम नावाचे सुधारित देशी वाण निवडले. कोरडवाहूपण आणि लांब धागा एकत्र आणण्याची ती प्रामाणिक धडपड होती, आणि ती आणखी पन्नास वर्षे तशीच चालू राहिली असती तर वऱ्हाडचे चित्र वेगळे दिसले असते.

मध्ये फाळणी आली. १९४७ मध्ये भारतातल्या सुमारे ९७ टक्के कपाशीक्षेत्रावर देशी जाती होत्या. लांब धाग्याचा, कालव्यांवर पोसलेला सिंध-पंजाबचा कापूस पाकिस्तानात गेला, गिरण्या मुंबई-अहमदाबादेत राहिल्या. परकीय चलन वाचवायचे तर लांब धागा देशातच पिकवणे भाग होते. या गरजेपोटी सरकारचे सारे बळ अमेरिकन हिर्सुटमच्या पाठीशी उभे राहिले. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. पाठोपाठ नांदेडचा एनएचएच-४४ आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पीकेव्ही हायब्रिड-२ आले. बोंड टपोरे, धागा लांब, उत्पादन भरघोस. शेतकऱ्यांनी संकरित वाण आनंदाने स्वीकारले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने काही काळ भावाचा भरवसाही दिला.

पण संकरित वाणाचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते, त्याला खत जास्त लागते आणि अमेरिकन कपाशीवर बोंडअळी तुटून पडते. देशातल्या लागवडीखालील क्षेत्रापैकी जेमतेम ५ टक्के जमीन कपाशीखाली असताना एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी तिच्यावर पडू लागली. नव्वदच्या दशकात अळी औषधांना दाद देईनाशी झाली. मार्च २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुकबदल केलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा शेतकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पहिली काही वर्षे हिरव्या अमेरिकन बोंडअळीचा त्रास खरोखरच कमी झाला. हे नाकारण्यात अर्थ नाही. नंतर गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले. महाराष्ट्रात २०१७ चा हंगाम तिने धुऊन नेला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पुरुषभर उंच वाढलेल्या कपाशीत, उकाड्यात, तोंडावर रुमाल बांधून, पंप पाठीवर घेऊन ते फवारत होते. ज्या जमिनीला पाण्याची खात्री नाही, तिथे पाण्याची आणि औषधाची भुकेली कपाशी का लावावी लागते, हा प्रश्न त्या वर्षी तरी सर्वांनी विचारायला हवा होता.

सर्वांत खेदाची गोष्ट अशी की खादीसुद्धा या ओघात वाहून गेली. अनेक चात्यांच्या अंबर चरख्याला लागणारा पेळू खादी आयोगाच्या कर्नाटकातल्या चित्रदुर्ग, मध्य प्रदेशातल्या सिहोर अशा मोजक्या कारखान्यांतून येऊ लागला. कापूस गाठींतून यायचा, पेळू रेल्वेने आणि ट्रकने जायचा, सूत कातणाऱ्या बाईचा आणि तिच्या शिवारातल्या कपाशीचा संबंध उरला नाही. कापड हातकताईचे, हातविणीचे, पण कपाशी गिरणीचीच.

गाठीचीही एक कथा आहे. कापूस दाबून दगडासारखी गाठ बांधण्याची रीत जहाजात जास्त माल मावावा म्हणून आली. आज भारतात गाठ १७० किलोची असते. ती उघडून तंतू पुन्हा मोकळे करायला गिरणीत यंत्रांची रांगच लागते, त्यात वीज जळते आणि तंतूचाही जोर कमी होतो. शेताजवळच सूत काढायचे असेल तर ही दाबादाबी लागतच नाही. हे ओळखून तेलंगण-आंध्रात उझरम्मा यांच्या पुढाकाराने ‘मलखा’चे काम उभे राहिले. न दाबलेला कापूस छोट्या यंत्रांवर कातायचा आणि सूत हातमागाला द्यायचे. त्या कापडाचा पोत मऊ, भुसभुशीत असतो आणि घाम पटकन शोषतो. वर्ध्यात मगन संग्रहालय समितीने बीटी नसलेल्या कापसाची, वनस्पतिजन्य रंगांत रंगवलेली खादी बाजारात आणली. ही कामे लहान आहेत, पण कापडाची निवड बियाण्यापासून करता येते हे त्यांनी दाखवून दिले आहे.

देशी कपाशीचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. बोंड लहान, त्यामुळे वेचणीला वेळ लागतो. किलोवर मजुरी घेणाऱ्या बायांच्या पदरात कमी पडते. उमललेला कापूस गळून मातीत पडतो, म्हणून वेचण्या जास्त कराव्या लागतात. दहिया रोग देशीवरच अधिक येतो. भाव आखूड धाग्याचा मिळतो आणि तो गादी-रजईवाल्यांकडे किंवा दवाखान्यातल्या कापसाकडे जातो. पण यांतले बरेच दोष बाजाराचे आहेत, झाडाचे नाहीत. जीन्सचे कापड, टॉवेल, चादरी, पडदे, सतरंज्या यांना तलम सूत लागतच नाही. १० ते २० नंबरचे जाडे सूत त्यांना चालते आणि ते देशी कापसातून निघते. मोठ्या कपडा कंपन्या अशा मालासाठीही लांब धाग्याचा आग्रह धरतात तो सवयीने. सेंद्रिय प्रमाणपत्रही शेतात काय वापरले नाही एवढे सांगते. कपाशी देशी की अमेरिकन, हे त्यावर लिहिलेले नसते.

लांब धागाच हवा असेल, तर देशीत तोही आता आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्राने आर्बोरियममधूनच लांब धाग्याचे वाण निवडले. पीए २५५, म्हणजे परभणी तुराब, आणि पीए ४०२ ही त्यांतली माहितीची नावे. हे संकरित नव्हेत, सरळ वाण आहेत. त्यांचे बी शेतकऱ्याला घरचे राखता येते. अकोल्याच्या विद्यापीठाचे एकेए मालिकेतले देशी वाणही आहेत. व्हेरमच्या वेळी अपुरे राहिलेले काम या केंद्रांतल्या शास्त्रज्ञांनी, फारशी वाहवा न मिळता, चिकाटीने पुढे नेले.

अडचण पुन्हा जिनिंगमध्येच येते. दहा-वीस शेतकऱ्यांचा देशी कापूस वेगळा वठवायचा तर यंत्र थांबवून झाडून काढावे लागते, ढीग वेगळा ठेवावा लागतो, सरकी वेगळी भरावी लागते. एवढ्याशा मालासाठी जिनवाला तयार होत नाही. मग तो कापूस बाकीच्या ढिगात जातो, बनी जशी जरीत गेली तसा, आणि पुढच्या जूनमध्ये तो शेतकरी दुकानातून बीटीची पाकिटे आणतो. कपडे तयार करणाऱ्या एखाद्या कंपनीने पेरणीच्या आधीच शंभर-दीडशे एकरांचा देशी कापूस ठरल्या भावाने घेण्याचे लेखी कबूल केले, तर जिनवाल्याचे आठ-दहा दिवस त्यासाठी बांधता येतात, सरकी शेतकऱ्याला परत मिळते आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्याची सोय होते. यंत्रे आहेत, वाण आहेत, कोरडवाहू जमीन तर विदर्भ-मराठवाड्यात पसरलेलीच आहे. हा करार मात्र फार थोड्या ठिकाणी होतो, आणि तो मे महिना संपायच्या आत व्हावा लागतो.